पेशंट आणि नातेवाईकांशी वाद: यूके ट्रेनिंग इंटरव्ह्यूसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून, प्लॅब (यूकेत डॉक्टरी करण्यासाठीची परीक्षा) देऊन यूकेत आलेली किंवा अजून पुणे-नागपूरला बसून ओरिएलवर (ट्रेनिंगच्या अर्जांची वेबसाइट) फॉर्म भरणारी पोरं-पोरी मला दर सीझनला साधारण तेच प्रश्न विचारतात. मी इथे एनएचएसमध्ये (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) काम करते आणि ज्युनियर्सचे मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, घेते. क्लिनिकल सिनारिओत आपली मुलं कुठेच कमी पडत नाहीत, सेप्सिस म्हणा, जीआय ब्लीड म्हणा, धडाधड सांगतात. पण "पेशंटचा मुलगा तुमच्यावर ओरडतोय" असा प्रश्न आला की एकदम पुस्तकी होतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

हा प्रश्न नेमका कुठे येतो?

आयएमटीच्या (मेडिसिनचं ट्रेनिंग) इंटरव्ह्यूत क्लिनिकल सिनारिओसोबत एथिकल आणि प्रोफेशनॅलिझमचा सिनारिओ असतो, तिथे हमखास. कोअर सर्जिकलला (सर्जरीचं ट्रेनिंग) मॅनेजमेंटचे प्रश्न असतात, त्यातही येतो. कधी सरळ विचारतात, "पेशंट किंवा कुटुंबाशी वाद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?", आणि कधी गुपचूप क्लिनिकल प्रश्नाच्या शेवटी टाकतात, म्हणजे तुम्ही पेशंट स्टेबल केला, सिनियरला फोन केला, आता मुलगी दारात उभी आहे आणि म्हणतेय की तुम्ही लोकांनी सकाळपासून काहीच केलं नाही. जीपी (फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगला सध्या इंटरव्ह्यू नाही, एमएसआरएच्या स्कोअरवरच सिलेक्शन होतं, पण त्या परीक्षेतल्या प्रोफेशनल डिलेमाच्या भागात हेच प्रसंग वेगळ्या कपड्यात येतात. त्यामुळे तयारी वाया जात नाही.

पॅनलला नक्की काय ऐकायचं असतं?

आपल्याला वाटतं की मी किती शांत राहिलो हे सांगायचंय. तो उत्तराचा छोटासा भाग झाला. खरं ते बघतात की समोरचा माणूस का चिडलाय हे शोधायची तुम्हाला इच्छा आहे का, त्याच्या तक्रारीत काही तथ्य असू शकतं हे तुमच्या मनात येतं का, आणि या सगळ्या गोंधळात बेडवरचा पेशंट तुमच्या नजरेतून सुटत तर नाही ना. भांडण मुलाशी चाललंय आणि आई तिकडे दुखण्याने कळवळतेय, असं उत्तर मी मॉकमध्ये सारखं ऐकते. पाच मिनिटं एम्पथीवर बोलतात आणि पेशंटला पेनकिलर मिळालं का हे कोणीच विचारत नाही.

दुसरं म्हणजे, संवाद संपल्यावर तुम्ही काय केलंत. नोट्समध्ये लिहिलंत का, नर्सला सांगितलंत का, रात्रीच्या टीमला हँडओव्हर दिलात का, आणि परत जाऊन भेटलात का. "अर्ध्या तासात येतो" म्हणून सांगून न जाणारा डॉक्टर हेच अर्ध्या वादांचं मूळ असतं, आणि पॅनलवर बसलेल्या प्रत्येक कन्सल्टंटला ते माहीत असतं.

माझा सगळा अनुभव भारतातला आहे, तो सांगितला तर चालेल का?

चालेल काय, सांगाच. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत इंटर्नशिप केलेल्या माणसाने नातेवाईकांचा जो सामना केलेला असतो तो इथल्या फाउंडेशन डॉक्टरच्या (नुकताच पास झालेला डॉक्टर) वाट्याला क्वचितच येतो. फक्त सांगायची पद्धत बदलायला लागते. आपल्याकडे या विषयाला एक भीती चिकटलेली आहे आणि ती खरी आहे, खोटी नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सिव्हिलला निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातले रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलंय. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा तर २०१० पासून आहे. त्या वातावरणात शिकलेल्या माणसाच्या मनात नातेवाईक म्हणजे धोका असं समीकरण बसतं आणि मग इंटरव्ह्यूत नकळत तेच बाहेर येतं: "रिलेटिव्ह्ज अनएज्युकेटेड होते, मॉब जमला होता, मी सिक्युरिटी बोलावली." पॅनलला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस कुटुंबाकडे शत्रू म्हणून बघतो.

एका मॉकमधलं उदाहरण देते. मुलगा ग्रामीण भागात पोस्टिंगला होता. कीटकनाशक प्यायलेला तरुण आणला होता, अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, पण व्हेंटिलेटर नाही, म्हणून जिल्ह्याला पाठवायचं ठरलं, आणि दहा-पंधरा नातेवाईक अंगावर आले की इथेच ठेवा, तुम्ही हात वर करताय. त्याने पहिल्यांदा सांगितलं ते असं: "ते खूप अ‍ॅग्रेसिव्ह होते, मी काउन्सेलिंग करून शांत केलं." मी म्हटलं, म्हणजे नेमकं काय केलंस? आधी गप्प बसला. मग हळूहळू निघालं. त्याने पेशंटच्या मोठ्या भावाला स्टूल देऊन बसवलं होतं, केसपेपरच्या मागे छाती आणि नळीचं चित्र काढून दाखवलं होतं की श्वासाचे स्नायू दमले तर यंत्र लागेल आणि ते इथे नाही. १०८ ला फोन करून झाल्यावर पुढच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलला, आणि भावाला सांगितलं की तिथे कुठल्या दाराने आत जायचं आणि कोणाला हा कागद दाखवायचा. अरे, हेच तर उत्तर आहे! "काउन्सेलिंग केलं" या दोन शब्दांत त्याने स्वतःचं सगळं चांगलं काम झाकून टाकलं होतं.

फक्त दोन गोष्टी. पेशंटचं नाव, गाव, ओळख पटेल असं काही सांगू नका, आणि १०८ म्हणजे काय, ग्रामीण रुग्णालय म्हणजे काय हे एका वाक्यात सांगून पुढे जा, पॅनलला आपली यंत्रणा माहीत नसते.

स्टार फॉरमॅट वापरायचाच का?

वापरा, पण तो दिसू देऊ नका. प्रसंग, जबाबदारी, काय केलं, काय झालं, आणि इथे शेवटी एक रिफ्लेक्शन लागतं. आपली मुलं प्रसंगावरच दीड मिनिट घालवतात, पेशंटची पूर्ण केस हिस्ट्री सांगतात, पोटॅशियमसुद्धा. प्रसंग चार वाक्यांत संपवा आणि सगळा वेळ "मी काय केलं" ला द्या, आणि तिथे "आम्ही" नको, "मी". रिफ्लेक्शनमध्ये "मी कम्युनिकेशनचं महत्त्व शिकलो" हे सगळेच म्हणतात, त्याला मार्क नाहीत. त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं ते सांगा, उदाहरणार्थ आता मी ट्रान्सफरचा निर्णय होण्याची शक्यता दिसली की आधीच घरच्यांना कल्पना देऊन ठेवतो.

चिडलेला नातेवाईक हा सिनारिओ आला तर सुरुवात कशी करू?

समजा, रात्रीचे दहा वाजलेत, तुम्ही ऑन-कॉल, वॉर्डमधून नर्सचा ब्लीप (पेजरवर बोलावणं). ७८ वर्षांच्या बाई, पोटदुखीने दुपारी अ‍ॅडमिट, सीटी अजून झालेला नाही, मुलगा नर्सिंग स्टेशनवर ओरडतोय आणि म्हणतोय मी कम्प्लेंट करणार.

पहिलं वाक्य पेशंटबद्दल पाहिजे: मी नर्सला विचारेन की आत्ताचे ऑब्झर्व्हेशन्स काय आहेत, न्यूज-टू स्कोअर (पेशंट किती बिघडलाय ते दाखवणारा आकडा) किती आहे, दुखणं किती आहे. ती खरोखर बिघडत असेल तर आधी तिला बघायचं, मुलाला एवढंच सांगायचं की मी डॉक्टर आहे, आधी तुमच्या आईला तपासते आणि लगेच तुमच्याशी बोलते. बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मा राग उतरतो कारण त्याला तेच हवं असतं. ती स्टेबल आणि शुद्धीत असेल तर आधी तिला विचारायचं की मुलाशी तुमच्या तब्येतीबद्दल बोललं तर चालेल ना. हे वाक्य आपली मुलं नव्वद टक्के विसरतात असं मला वाटतं, कारण आपल्याकडे नातेवाईकांशी बोलायला कोणी परवानगी घेत नाही.

मग मुलाला शांत खोलीत न्यायचं, नर्सला सोबत घ्यायचं, दाराजवळची खुर्ची आपली. बसायचं. स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगायचा. आणि मग त्याला बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही. तो म्हणेल सकाळी जीपीने पाठवलं, दुपारपासून इथे आहोत, तीन वेगवेगळे लोक येऊन तेच प्रश्न विचारून गेले, आणि मागच्या वर्षी वडिलांच्या बाबतीत अशीच उशीर होऊन गडबड झाली. हे शेवटचं वाक्य म्हणजे खरी गोष्ट, ते बाहेर यायला दोन मिनिटं शांत बसावं लागतं.

त्यानंतर, "इतका वेळ थांबावं लागलं आणि आईंना त्रास होतोय, याबद्दल मला वाईट वाटतं." मग काय माहीत आहे आणि काय नाही ते खरं सांगायचं. सीटी का राहिला हे तुम्हाला माहीत नसेल तर ओढूनताणून कारण देऊ नका, मी आत्ता रेडिओलॉजीला फोन करते आणि अकराच्या आत येऊन सांगते म्हणा, आणि पेनकिलर समोरच लिहून द्या. त्याला कम्प्लेंट करायची असेल तर अडवू नका, पाल्सची (पेशंट आणि नातेवाईकांना तक्रारीत मदत करणारी सेवा) माहिती द्या, इंग्लंडमधल्या बहुतेक ट्रस्टमध्ये (हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था) ती सेवा असते आणि ती मागणं हा त्याचा हक्क आहे. मग रजिस्ट्रारला कळवा, नोट्समध्ये वेळ घालून लिहा. आणि अकराला खरंच जा.

काय अजिबात बोलायचं नाही?

"काम डाउन". कोणत्याही भाषेत, कोणत्याही माणसाला हे सांगून तो शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तसंच "आय अंडरस्टँड हाऊ यू फील" हे पोपटपंचीसारखं वाटतं, त्यापेक्षा तो जे बोलला त्यातली एखादी गोष्ट परत बोला, "वडिलांच्या वेळचं आठवून तुम्हाला भीती वाटतेय" असं. आणि सहकाऱ्यावर ढकलू नका. "दिवसाच्या टीमने करायला पाहिजे होतं" हे वाक्य पॅनलसमोर आलं की गेलंच.

"आईला कॅन्सर आहे हे तिला सांगू नका" असं घरचे म्हणाले तर?

हा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात अवघड, कारण आपण याच घरांत वाढलोय. आपल्याकडे "पेशंटला सांगू नका, खचून जाईल" हे प्रेमातूनच येतं, आणि कित्येक सिनियर ते ऐकतातही. त्यामुळे काही मुलं इंटरव्ह्यूत कुटुंबाचं ऐकून मोकळी होतात, आणि काही एकदम दुसरं टोक गाठून म्हणतात, पेशंटचा अधिकार आहे, मी सांगणारच. दोन्हीत माणूस हरवतो.

आधी मुलीला विचारा की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. कदाचित आईला पूर्वी डिप्रेशन झालं असेल, कदाचित घरात कोणीतरी कॅन्सरने हाल होऊन गेलं असेल, ही माहिती तुमच्या उपयोगाची आहे. मग प्रामाणिकपणे सांगा की मी तुमच्या आईंवर काही लादणार नाही, पण त्यांनी मला थेट विचारलं तर मी खोटं बोलू शकत नाही. मी त्यांनाच विचारेन की तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, आणि सोबत कोण हवं. पेशंट म्हणाली की मला काही सांगू नका, माझ्या मुलीशी बोला, तर तोही तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवायचा, फक्त तो तिच्या तोंडून यायला हवा. उपचारांना संमती देण्याइतकी मूलभूत माहिती मात्र तिला द्यावीच लागेल, आणि मन बदललं तर कधीही विचारा असं दार उघडं ठेवायचं. दुभाषा लागला तर व्यावसायिक दुभाषा, मुलीला भाषांतर करायला लावायचं नाही. पेशंट मराठी बोलणारी निघाली तर तुमचं नशीब!

पेशंट बोलू शकत नाही आणि दोन भावंडं आपसात भांडतायत, कोणाचं ऐकायचं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ लागू होतो. नेक्स्ट ऑफ किन म्हणजे निर्णयाचा हक्क नव्हे, हे ठामपणे सांगा. थोरला मुलगा म्हणून त्याचं चालेल असं इथे नाही. आधी कपॅसिटी (स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची क्षमता) खरंच नाही का ते बघा, मग आगाऊ लिहून ठेवलेला निर्णय आहे का, हेल्थ अँड वेल्फेअरची लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (पेशंटच्या वतीने उपचारांचे निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार) कोणाकडे आहे का. काहीच नसेल तर टीम बेस्ट इंटरेस्टने, म्हणजे पेशंटच्या हिताचं काय ते बघून, ठरवते, आणि दोन्ही भावंडांना एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या वडिलांनी स्वतः काय सांगितलं असतं? भांडण बऱ्याचदा तिथेच विरघळतं, कारण "तुम्हाला काय हवंय" वरून विषय हलतो. जवळचं कोणीच नसेल तर आयएमसीए, म्हणजे स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट लागू शकतो. स्कॉटलंडला कायदा वेगळा आहे, २००० सालचा, तिथे अर्ज केला असेल तर तो बघून जा.

डीएनएसीपीआरवरून (हृदय थांबलं तर सीपीआर देऊ नये असा निर्णय) कुटुंब चिडलं तर?

दोन टोकं लक्षात ठेवा. सीपीआर उपयोगाचा नाही हा क्लिनिकल निर्णय आहे, कुटुंबाने मागणी केली म्हणून द्यायलाच हवा असं नाही. पण पेशंटशी चर्चा न करता फॉर्म भरणंही चालत नाही, २०१४ च्या ट्रेसी केसमध्ये कोर्टाने हे स्पष्ट केलंय. पेशंटला वाईट वाटेल एवढं कारण पुरत नाही, त्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल असं असेल तरच सूट. कुटुंब बहुतेक वेळा चिडतं ते "तुम्ही बाबांना सोडून दिलंत" असं वाटल्यामुळे. म्हणून आधी सांगा की काय चालू राहणार आहे: अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखण्यावरची औषधं. पटलंच नाही तर सेकंड ओपिनियन द्या, आणि ज्युनियर म्हणून हा संवाद एकट्याने रेटू नका, कन्सल्टंटला सामील करा.

खरंच आपल्या टीमकडून चूक झालेली असेल तर?

सांगायचं. पेशंटला सुरक्षित करायचं, सिनियरला सांगायचं, आणि मग पेशंटला किंवा कुटुंबाला काय झालं ते सांगून माफी मागायची. मिड स्टाफर्डशायरच्या हॉस्पिटलमधल्या हलगर्जीपणाच्या चौकशीनंतर २०१४ पासून ड्यूटी ऑफ कँडर (चूक झाली तर ती उघडपणे सांगायचं बंधन) इंग्लंडमध्ये कायद्यातच आहे, आणि डॉक्टर म्हणून जीएमसीही (इथलं जनरल मेडिकल कौन्सिल) हेच मागतं. आपल्याकडे "सॉरी म्हटलं की केस झाली" ही भीती असते, पण इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टमध्ये लिहिलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. त्यामुळे सारवासारव करू नका. डेटिक्स (घटना नोंदवायचा ऑनलाइन रिपोर्ट) भरा. "माहिती घेऊन परत भेटतो" म्हटलंत तर भेटा.

मार्थाज रूल विचारतात का?

विचारू शकतात, आणि विचारलं नाही तरी योग्य जागी आणलात तर चांगलं दिसतं. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली, आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती पण ती ऐकली गेली नाही. त्यानंतर २०२४ पासून इंग्लंडमधल्या हॉस्पिटल्समध्ये कुटुंबाला थेट वेगळ्या टीमकडून तातडीचा रिव्ह्यू मागता येईल अशी सोय सुरू झाली. यातून घ्यायचं ते हे: आई म्हणते "काहीतरी बरोबर नाहीये", तेव्हा ती वाद घालत नसते, ती तुम्हाला क्लिनिकल माहिती देत असते. जाऊन पेशंट परत बघा.

पेशंट म्हणाला मला भारतीय डॉक्टर नको, तर?

दुखतं. ते दुखतं हे पॅनललाही कळतं, दगड असल्याचं नाटक करू नका. पण क्रम तोच: इमर्जन्सी असेल तर उपचार आधी. डिलिरियम, डिमेन्शिया, हायपोक्सिया आहे का बघा, तसं असेल तर तो आजाराचा भाग असू शकतो. कपॅसिटी असलेल्या माणसाला तुमच्याकडून उपचार नाकारता येतात, पण त्याच्या वर्णद्वेषासाठी ट्रस्टने गोरा डॉक्टर आणून द्यायला हवा असं बंधन नाही. सिनियरला सांगा, अशा वागण्यावर ट्रस्टचं धोरण असतं, आणि २०२० पासून एनएचएसमध्ये तातडीचे नसलेले उपचार अशा पेशंटला नाकारण्याची मुभाही आहे, तो निर्णय मात्र तुम्ही एकट्याने घ्यायचा नाही. डेटिक्स भरा, आणि स्वतःसाठी सुपरव्हायझरशी बोला. आणि हे वेगळं ओळखा: एखाद्या बाईने इंटिमेट तपासणीसाठी बाई डॉक्टर मागितली तर तो वर्णद्वेष नाही, जमेल तेवढी सोय करायची.

सिक्युरिटी कधी?

धमकी, हात उगारणं, वस्तू फेकणं, दार अडवणं. तिथे एम्पथी दाखवत बसू नका, बाहेर पडा, बाकीच्या पेशंटना सुरक्षित करा, मदत बोलवा. नुसता आवाज चढला म्हणून नाही.

डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) मागणारा पेशंट?

इथे सही घेऊन सुटता येत नाही. कपॅसिटी बघा, का जायचंय ते विचारा (घरी एकटा कुत्रा असतो, खरंच), जाणारच असेल तर गोळ्या, परत यायच्या खुणा आणि जीपीला पत्र देऊन पाठवा.

अमेरिकेच्या रेसिडेन्सीसाठी हेच चालेल?

मूळ विचार हाच, कायदे वेगळे. तिथे सिनारिओपेक्षा "तुमचा प्रसंग सांगा" जास्त येतं. पेशंटच्या वतीने कोणी ठरवायचं याचा क्रम राज्यागणिक बदलतो, आणि अडलं की हॉस्पिटलची एथिक्स कमिटी असते. पाल्स, डेटिक्स, मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट हे शब्द तिथे काढू नका.

सराव कसा करू, आणि पॅनल मधेच अडवायला लागलं तर?

लिहून पाठ करू नका. चार-पाच खरे प्रसंग निवडा, फोनवर रेकॉर्ड करून बोला, दोन मिनिटांच्या आत. मित्राला नातेवाईक बनवा आणि त्याला सांगा की मी काहीही बोललो तरी चिडलेलाच राहा. कारण पॅनल बहुतेक वेळा हेच करतं: "तो अजूनही ओरडतोय, आता?" तिथे मुलं घाबरून तीच वाक्यं पुन्हा म्हणतात. त्या क्षणी कबूल करायचं की आज मी त्याचं समाधान करू शकत नाही, रजिस्ट्रार किंवा नर्स इन-चार्जला सोबत आणते, उद्या सकाळी कन्सल्टंटशी भेट ठरवते आणि त्याची वेळ त्याला आत्ता कळवते. प्रत्येक वाद तुम्हीच मिटवायला हवा अशी अपेक्षा नसते. पॅनलने अडवलं तर ते तुम्हाला मार्क द्यायची जागा शोधतायत असं समजा, थांबा, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि राहिलेलं भाषण सोडून द्या.